लाच आधीच दिली असेल तर

‘एकदा पैसे दिले की आपणही गुन्हेगार, मग तक्रार कशाला’ असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही थेट गुन्हा झाला. पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि ७ दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं, तर देणाऱ्याला संरक्षण आहे. पुण्यात फेरफार नोंदीसाठी (जमिनीच्या मालकीतला बदल नोंदवायला) कुणी पैसे मागितले, तर देण्याआधीच एसीबीच्या (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या) १०६४ वर फोन करा. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, मग नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावून सापळा. त्या नोटा घेणाऱ्याची बोटं सोड्याच्या द्रावणात बुडवली की द्रावण गुलाबी होतं, पण कोर्टात तेवढं पुरत नाही. मागणी सिद्ध व्हावी लागते, आणि बरेच खटले तिथेच ढासळतात. म्हणून ‘साहेब, किती द्यायचे?’ असं आपणहून कधीच विचारू नका. रक्कम त्याच्याच तोंडून येऊ द्या.