माउंटमधून रिस्टलॉक लावताना कोपर निसटते

नवनीळ:
नमस्कार मंडळी. मी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतो आणि गेल्या पावसाळ्यात मला निळा पट्टा मिळाला. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू संघटनेच्या नियमांनुसार पांढऱ्या, म्हणजे नवशिक्याच्या, पट्ट्याला मनगटाची पकड (रिस्टलॉक) वर्ज्य असल्यामुळे मी हा डाव आत्ताच हाती घेतला आहे. अडचण अशी की, माउंट, म्हणजे उताण्या जोडीदाराच्या अंगावर स्वार होण्याची जागा, मिळाल्यावर खालचा जोडीदार दोन्ही हात फुली करून स्वतःची कॉलर धरून ठेवतो. मी त्याचा पंजा दोन्ही हातांनी आत दुमडू लागलो की तो कोपर सर्रकन खाली कमरेकडे ओढून घेतो, आणि मी पुढे झुकलेला असल्यामुळे त्याच क्षणी ब्रिज मारून (कंबर झटक्यात वर उचलून) मला उलथवतो. माझ्या मनगटात जोर कमी पडतो की पकडच चुकते आहे?

तालीमवाला:
जोराचा प्रश्न नाही. तुम्ही पंजा धरला आहे, पण कोपर मोकळे सोडले आहे. पंजा दुमडला जाण्यासाठी हाताचे दुसरे टोक कशाला तरी टेकलेले असावे लागते. ते मोकळे असेल तर तुम्ही जितके दाबाल तितका हात मागे सरकत राहील. समोरच्याने कॉलर धरली की त्याचे कोपर त्याच्याच पोटावर, तुमच्या छातीच्या अगदी पुढ्यात येते. आधी छाती त्या कोपरावर टेकवा, गुडघे त्याच्या काखांकडे वर सरकवा आणि मगच दोन्ही पंजे त्याच्या हाताच्या पाठीवर ठेवा. नंतर पंजा जागच्या जागी धरून ठेवायचा आणि छातीने कोपर हळूहळू पंजाकडे सरकवायचे. ओढण्याचे काम हातांनी जवळजवळ करायचेच नाही. मी मातीतल्या कुस्तीतून आलो असल्यामुळे दिसले मनगट की ओढ, ही खोड मोडायला मलाच वर्ष लागले.

बोरीवली_गी:
वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण माउंटमध्ये हा डाव शोधत बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्पर्धेत माउंटचे 4 गुण मिळतात, आणि अर्धवट रिस्टलॉकसाठी ती जागा गमावणे हा तोट्याचा व्यवहार आहे. ज्या जागी कोपर आपोआप अडकलेले असते, तिथे हा डाव जास्त शोभतो. साइड कंट्रोलमधून (बाजूने छातीवर दाबून धरलेल्या स्थितीतून) अमेरिकाना, म्हणजे वाकवलेल्या हाताने खांदा पिळण्याचा डाव, लावताना समोरचा प्रतिकार करून हात छताकडे उभा करतो, तेव्हा त्याचे कोपर मॅटवर टेकलेलेच असते. त्याच्या बोटांच्या मुळांवर तळवा ठेवून पंजा आतल्या बाजूला खाली दाबला की काम होते. आर्मबारमध्ये (हात सरळ ताणून कोपरावर लावायच्या डावात) समोरच्याने दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंतवले असतील, तेव्हा कोपर छातीशी कवटाळून वरचा पंजा दुमडावा. मनगट वाचवण्यासाठी तो पकड सोडतो आणि हात सरळ मिळतो, म्हणजे इथे रिस्टलॉक ही निव्वळ किल्ली असते. जाता जाता: ब्राझीलमध्ये या डावाला ‘गायीचा हात’ अशा अर्थाचे नाव आहे आणि तिथल्या बोलीत तोच शब्द कवडीचुंबक माणसालाही वापरतात.

फिजिओ_ठाणे:
डाव तुम्ही मंडळींनी सांगितलाच आहे. मी फक्त सांध्याबद्दल लिहितो. मनगटात 8 लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात आणि त्यांना जागेवर ठेवण्याचे काम बारीक लिगामेंट (हाडांना जोडणारे बंध) करतात. पंजा आतल्या बाजूला साधारण 80 अंशांपर्यंत वाकतो. आता एक प्रयोग करा: बोटे सैल सोडून मनगट पूर्ण वाकवा आणि त्याच स्थितीत मूठ वळण्याचा प्रयत्न करा. मूठ नीट वळत नाही, कारण हाताच्या पाठीवरून बोटांकडे जाणाऱ्या कंडरा (टेंडन) आधीच ताणलेल्या असतात. म्हणूनच कॉलर मुठीत धरलेल्या हाताला ताण लवकर जाणवतो. खांदा किंवा कोपर यांच्या तुलनेत इथे अस्वस्थ वाटण्यापासून इजा होण्यापर्यंतचे अंतर फारच थोडे असते, आणि झटका दिला तर समोरच्याला टॅप करायलाही (थाप मारून हार मानायलाही) वेळ मिळत नाही. नुसते मुरगळले म्हणून सोडून दिलेली, पण प्रत्यक्षात आतले लिगामेंट फाटलेली मनगटे मी पाहिली आहेत; साध्या एक्स-रेमध्ये ते कित्येकदा दिसतही नाही. ज्युदोच्या स्पर्धेत सांध्यांपैकी केवळ कोपरावरच पकड लावता येते, ही गोष्ट लक्षात घ्यावी. सरावात जोडीदाराला आधी कल्पना द्या आणि दाब तीनएक सेकंद सावकाश वाढवत न्या.

नवनीळ:
सर्वांचे आभार. काल सरावात जोडीदाराला आधी सांगून छाती कोपरावर टेकवली आणि हातांनी काहीही ओढले नाही. कोपर खरोखरच हलले नाही. ताण जाणवताच त्याने कॉलर सोडून हात सरळ केला आणि मला आयता आर्मबार मिळाला. तीन फेऱ्यांत दोनदा असेच घडले. तिसऱ्या वेळी मी छाती टेकवण्याआधीच पंजा पकडण्याची घाई केली आणि नेहमीप्रमाणे उलथलो. रिस्टलॉकवर टॅप मात्र अजून एकदाही मिळालेला नाही.

बोरीवली_गी:
हात सरळ मिळत असेल तर तो घ्या. टॅप कशावर मिळाला हे गुणफलकावर वेगळे लिहीत नाहीत. आता नो-गीमध्ये, म्हणजे गी हा जाड पोशाख न घालता, हेच करून पाहा. तिथे धरायला कॉलर नसते आणि घामाने पंजा निसटतो, म्हणून बोटांच्या टोकांऐवजी मुळांवर तळवा ठेवा.