मदत हवी आहे: साखर न घालता काळ्या द्राक्षांचा जॅम आळत नाही, टिकतही नाही

गंगाकाठ

नमस्कार मंडळी. सासऱ्यांना मधुमेह आहे, म्हणून साखर, गूळ, मध, खजूर यांपैकी काहीही न घालता काळ्या बिनबियांच्या द्राक्षांचा जॅम करायचा आहे. प्रमाण असं होतं: देठ काढलेली शरद द्राक्षं १ किलो, एका लिंबाचा रस, पेक्टिनसाठी (फळातला, जॅम धरायला लावणारा घटक) एका सफरचंदाच्या साली पुरचुंडीत बांधून. स्टीलच्या उभ्या पातेल्यात मंद आचेवर ५० मिनिटं.

अडचणी तीन. गरम असताना दाट दिसतो, गार झाला की पोळीवरून ओघळतो आणि कडेला पाणी सुटतं. फ्रिजमध्ये ठेवूनही नवव्या दिवशी वर पांढरी बुरशी आली. आणि द्राक्षं तीन पाण्यांनी धुऊनही दाताखाली वाळूसारखी कचकच येते. थर्मामीटर १०५ अंशांना नेऊन उतरवायचं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण काटा १०० च्या आसपासच अडकून राहतो. चुकतंय कुठे?

कढई_चमचा

ताई, चूक तुमच्या हातात नाही, मापात आहे. १०५ अंश हे साखरेच्या जॅमचं माप. उकळबिंदू वर चढतो तो पाण्यात विरघळलेल्या साखरेमुळे. तुमच्या कढईत साखर कमी, तर काटा चढणार कसा? त्यात आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे साधं पाणीच ९८ अंशांना उकळतं. या जॅमसाठी थर्मामीटर बाजूला ठेवा आणि वजनकाटा घ्या.

साखर जॅममध्ये गोडी तर आणतेच, शिवाय दोन मोठी कामं करते. एक, पेक्टिनला धरायला लावते. सफरचंद, पेरू, लिंबू यांतलं पेक्टिन जेलीसारखं धरायला विरघळलेले घटक साधारण ५५ ते ६० टक्के लागतात आणि आंबटपणाही लागतो. तेवढी साखर नसेल, तर कितीही साली घाला, रस थोडा दाट होईल पण धरणार नाही. दोन, साखर पाणी बांधून ठेवते, म्हणून बुरशीला ते मिळत नाही. साखर काढली की या दोन्ही कामांची सोय वेगळी करावी लागते.

आता 'मग अजून आटवते' असं मात्र करू नका. पिकलेल्या द्राक्षात १८ ते २० टक्के साखर असतेच. १ किलोचा ३०० ग्रॅम होईपर्यंत आटवलं, तर त्यात ६० टक्क्यांच्या वर साखर झाली, म्हणजे बाजारच्या जॅमइतकीच. 'साखर घातलेली नाही' आणि 'साखर नाही' यांत हा मोठा फरक आहे, आणि मधुमेहाच्या माणसासाठी तोच महत्त्वाचा. म्हणून कमी आटवायचं आणि दाटपणा दुसरीकडून आणायचा.

माझं प्रमाण: द्राक्षं १ किलो, पेरूचा गर २०० ग्रॅम, लिंबाचा रस १५ मिली.

पेरू अर्धवट पिकलेले, घट्ट घ्या. मऊ पिवळ्या पेरूत पेक्टिन कमी झालेलं असतं. सालीसकट फोडी करून जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात २० मिनिटं शिजवा आणि रव्याच्या चाळणीवर घासून गर काढा. पुरणयंत्र नको, बारीक बिया जाळीतून सुटतात.

द्राक्षं हाताने चुरगळून झाकण ठेवून १० मिनिटं वाफवा, साल मऊ झाली पाहिजे. निम्मी मिक्सरमधून फिरवा, निम्मी तशीच ठेवा. पूर्ण वाटलेल्या जॅमची चटणी लागते. आता पसरट, जाड बुडाची स्टीलची कढई. तिचं रिकाम्याचं वजन आधी लिहून ठेवा. उभ्या पातेल्यात वाफ निघायला वेळ लागतो, रंग मळतो, ताजा वासही जातो. अ‍ॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ वापरू नका, आंबटाने भांडं उतरतं.

पहिली २० मिनिटं आच मोठी, अधूनमधून ढवळत. मग पेरूचा गर घाला, आच मध्यम करा आणि इथून उलथनं सोडू नका, पेरू लगेच खाली लागतो. कढईचं वजन वगळून आतला ऐवज ६०० ग्रॅम भरला की थांबा. शेवटी लिंबू. चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम जॅममध्ये फळाची साखर ५ ग्रॅमच्या आसपास येते. बाजारच्या जॅममध्ये ती १० ग्रॅमच्या घरात असते. तरी रोज किती खायचा हे डॉक्टरांना विचारूनच.

पारख: बशी फ्रीझरमध्ये गार करा, त्यावर अर्धा चमचा टाकून दोन मिनिटं थांबा. साखरेच्या जॅमसारखी सुरकुती इथे पडणार नाही, तिची वाट पाहू नका. गोळ्याभोवती पाण्याची कड सुटली तर अजून आटवायचा. कड नसली आणि बोटाने ओढलेली रेघ उघडी राहिली तर झाला.

शरदवेल

कचकच माती नाही. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, ते पोटॅशियमबरोबर जोडलं जाऊन स्फटिक होतात. रस आटला आणि गार झाला की ते विरघळून राहत नाहीत, खाली बसतात. अपायकारक नाहीत, पण दाताखाली नकोसे वाटतात. उपाय: वाफवलेली द्राक्षं गाळून रस वेगळा करा, काचेच्या बरणीत रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरचा रस अलगद ओतून घ्या, तळाचा दोन चमचे गाळ टाकून द्या. मग साली-गर परत मिसळून आटवा. पूर्ण जात नाहीत, पण बरेच कमी होतात.

द्राक्षावरची पांढुरकी पूड हे त्याचं स्वतःचं मेण आहे, ते घासत बसू नका. २ लिटर पाण्यात २ चमचे खायचा सोडा, १५ मिनिटं बुडवून मग वाहत्या पाण्याखाली धुवा. देठ धुतल्यावर काढा, आधी काढले तर पाणी आत शिरतं.

गंगाकाठ

खूप आभार दोघांचेही. चायना ग्रास (जेली धरायला वापरतात ते अगर-अगर) घातलं तर चालेल का? पेरूचा वास सासऱ्यांना आवडत नाही. आणि बुरशीचं काय?

कढई_चमचा

चालेल. पेरू वगळा, १ किलो द्राक्षांचं ५०० ग्रॅम करा. १० ग्रॅमच्या पाकिटाचा पाचवा भाग, म्हणजे २ ग्रॅम, गार पाण्यात १५ मिनिटं भिजवा. मग पाऊण वाटी ताज्या पाण्यात एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळा आणि उकळत्या जॅममध्ये ओता. एक मिनिट उकळून उतरवा. लिंबू गॅस बंद केल्यावरच, कारण आंबटात उकळलं की चायना ग्रासची ताकद जाते. गरम असताना पातळच दिसेल, म्हणून जास्त घालू नका. बर्फीसारखा कडक झालाच, तर गार झाल्यावर मिक्सरमधून एकदा फिरवा.

बुरशीसाठी: मोठी बरणी नको, १५० मिलीच्या काचेच्या बाटल्या घ्या. त्या आणि झाकणं १० मिनिटं पाण्यात उकळा, कापडाने न पुसता उपड्या ठेवून निथळू द्या, जॅम गरमच भरा. फ्रिजमध्ये दोन आठवडे धरा, उघडलेली बाटली आठवड्यात संपवा. चमचा कोरडा, आणि एकदा पोळीला लागलेला परत आत नको. बुरशी आली तर वरचा थर काढून खाली खाऊ नका, बाटलीच टाकून द्या. जास्त टिकवायचा तर फ्रीझर, वर पाऊण इंच जागा सोडून, चार-पाच महिने. पेरूचा जॅम फ्रीझरला चांगला राहतो, चायना ग्रासचा वितळताना पाणी सोडतो.

पंचवटीकर

हिरव्या थॉमसन जातीच्या द्राक्षांचा केला तर रंग मातकट येतो. चुरगळतानाच निम्मा लिंबाचा रस घाला, आणि किलोला पाव किलो काळी द्राक्षं मिसळा.

स्टीव्हिया घालणार असाल तर चिमटीनेच आणि उतरवल्यावर. जास्त झालं की मागाहून कडू लागतं. त्याने गोडी येते, दाटपणा किंवा टिकाऊपणा नाही.

गंगाकाठ

अजून एक. सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी मिळतेय. याच पद्धतीने होईल?

कढई_चमचा

नुसती स्ट्रॉबेरी नको. तिच्यात साखर ५ टक्क्यांच्या आसपास आणि पाणी भरपूर, आटवली की आंबटपणाच एकवटतो. ६०० ग्रॅम स्ट्रॉबेरीला ४०० ग्रॅम काळी द्राक्षं घ्या, लिंबू वगळा. द्राक्षं आधी २० मिनिटं आटवून मगच स्ट्रॉबेरीच्या फोडी टाका, म्हणजे रंग लाल राहतो. ४५० ग्रॅमला थांबा, चायना ग्रास तेच २ ग्रॅम. वर फेस खूप येतो, तो झाऱ्याने काढत राहा, नाहीतर बाटलीत बुडबुड्यांचा थर बसतो.