मदत हवी आहे : कामिनीचं कुंपण खालून उघडं, कोवळी पानं पिवळी

कामिनीचं कुंपण आहे. रोपं चार वर्षांची, एका ओळीत 45 सेंमी अंतरावर, उंची 5 फूट. ऊन सकाळचं, 5 तास.

खालचा दीड फूट भाग नुसत्या काड्यांचा झालाय. कारण कळतंय: आतापर्यंत छाटणी वरूनच झाली, त्यामुळे माथा रुंद झाला आणि बुडाशी ऊन पोहोचेना. आता बूड रुंद, माथा अरुंद असा उतार द्यायचा आहे. प्रश्न असा, की जुन्या जाड लाकडापर्यंत एकदम कापलं तर कामिनी खालून फुटते का? की यंदा एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी, असं करावं? घाई नाही, झाडं जगायला हवीत.

दुसरं, शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या. जुनी पानं ठीक आहेत, म्हणून नत्राची नव्हे, लोहाची कमतरता वाटते. मातीचा सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचं माप) 8.1, पाणी बोअरचं, जड. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं क्षार) घातलं, उपयोग झाला नाही. अशा मातीत ते लगेच न विरघळणाऱ्या रूपात जातं. ईडीटीए चिलेटही (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं खत) साडेसहा सामूच्या वर टिकत नाही, म्हणून जास्त सामूतही टिकणारं ईडीडीएचए चिलेट मुळाशी द्यायचा विचार आहे. एवढ्या झाडाला किती ग्रॅम, आणि किती दिवसांनी पुन्हा? सोबत गंधक मिसळावं का?

कोवळ्या फुटीवर सिला (रस शोषणारी बारीक कीड) आहे का ते भिंगाने पाहिलं, नाही. मुळाशी पाणीही साचत नाही.

ज्यांनी जुनं कुंपण खालून भरून आणलंय त्यांनी छाटणीचा महिना आणि कापलेली उंची जरूर लिहा.