कर्नल ६.८ केल्यापासून एकाच लॅपटॉपचं वायफाय गायब, मिंट २१.३

जुळे_सोलापूर
आमच्या अभ्यासिकेत एकाच मॉडेलचे चार लॅपटॉप आहेत, चारही लिनक्स मिंट २१.३ वर. परवा अपडेट मॅनेजरमधून कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ वरून ६.८ केला. तिघांचं वायफाय व्यवस्थित चालतंय, चौथ्याचं चिन्हच गेलं. नेटवर्क सेटिंगमध्ये फक्त 'वायर्ड' दिसतं. ब्लूटूथ चालू आहे. आरएफकिल लिस्टमध्ये (वायरलेस कुठे बंद केलंय का ते दाखवणारी कमांड) काहीही ब्लॉक नाही. एलएसपीसीआय -एनएनके (कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणारी कमांड) दिल्यावर वायफाय कार्डापुढे एवढंच येतं:

रिअलटेक आरटीएल८८२१सीई [१०ईसी:सी८२१]
कर्नल मॉड्यूल्स: आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई

याच मशीनवर मागे कुणीतरी आरटीएल८८२१सीई-डीकेएमएस हे पॅकेज (म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर, जो डीकेएमएस दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधतं) टाकलेलं आहे. पोरांचे भरतीचे फॉर्म भरणं चालू आहे. फॉरमॅट न मारता होईल का?

टर्मिनल_अण्णा
फॉरमॅट अजिबात मारू नका, आणि नव्या पेठेत यूएसबी डोंगल आणायलाही जाऊ नका. तुमच्या उत्तरात 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही. म्हणजे कार्ड दिसतंय, त्याला चालणारं मॉड्यूलही (ड्रायव्हरची फाइल) माहीत आहे, पण ते कार्ड कुणी ताब्यात घेतलेलं नाही. ब्लूटूथवरून वायफायचा अंदाज बांधता येत नाही. दोन्ही एकाच कार्डावर असले तरी ब्लूटूथ यूएसबीवरून बोलतं आणि वायफाय पीसीआय एक्सप्रेसवरून.

दोन गोष्टी बघून सांगा. कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप रोमनमध्येच करा.

डीकेएमएस स्टेटस
ग्रेप -आर ८८२१ /इटीसी/मॉडप्रोब.डी/

पहिल्यात ६.८ पुढे 'इन्स्टॉल्ड' आहे का ते बघा. नसेल तर /व्हार/लिब/डीकेएमएस/आरटीएल८८२१सीई/ च्या आत, आवृत्तीच्या फोल्डरमध्ये, बिल्ड/मेक.लॉग उघडा आणि शेवटच्या दहा ओळी वाचा.

जुळे_सोलापूर
'इन्स्टॉल्ड' फक्त ५.१५ पुढे आहे. लॉगमध्ये 'जीसीसी-१२: नॉट फाउंड'. आणि ग्रेपमध्ये ही ओळ सापडली:

/इटीसी/मॉडप्रोब.डी/ब्लॅकलिस्ट.कॉन्फ: ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई

होटगी_रोड
मग कारण सरळ आहे. मिंट २१ चा पाया उबुंटू २२.०४, तिथला नेहमीचा कंपायलर (कोडपासून ड्रायव्हर बांधणारा प्रोग्रॅम) जीसीसी ११. पण हा ६.८ कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला आहे, म्हणून डीकेएमएस मॉड्यूल बांधताना तोच मागतं. तो मशीनवर नाही, म्हणून ड्रायव्हर बांधलाच गेला नाही. फोन यूएसबी केबलने लावा, टेदरिंग चालू करा (वायर्ड म्हणून लगेच दिसतं) आणि:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीसीसी-१२
सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल

सिक्युअर बूट (फक्त सही असलेले ड्रायव्हर चालू देणारी सोय) चालू आहे का तेही मोकयुटिल --एसबी-स्टेट ने बघून घ्या. चालू असेल आणि मोकची किल्ली (मशीनच्या मालकाने स्वतः नोंदवायची सहीची किल्ली) नोंदवलेली नसेल, तर मॉड्यूल बांधलं गेलं तरी लोड होताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' येतं.

टर्मिनल_अण्णा
निदान बरोबर आहे, पण उपाय मला पटत नाही. ८८२१सीईचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.९ पासून आहे. त्याआधीच्या काळात बाहेरून टाकण्यावाचून इलाज नव्हता, तेव्हाचे लेख वाचून लोक अजून डीकेएमएस टाकतात आणि दोन ड्रायव्हर भांडू नयेत म्हणून कर्नलमधल्याला ब्लॅकलिस्ट करतात, म्हणजे आपोआप लोड व्हायला बंदी घालतात. इथे नेमकं तेच नडलंय: बाहेरचा बांधला गेला नाही आणि घरच्याला दार बंद. बाकीचे तीन लॅपटॉप ६.८ वर घरच्याच ड्रायव्हरने चालतायत, याहून चांगला पुरावा कुठला हवा? आज जीसीसी १२ टाकून भागेल, पण पुढे कर्नल बदलला की पुन्हा हाच प्रश्न येऊ शकतो.

बाहेरचा काढून टाका. याला इंटरनेटही लागत नाही:

सुडो ॲप्ट पर्ज आरटीएल८८२१सीई-डीकेएमएस
सुडो नॅनो /इटीसी/मॉडप्रोब.डी/ब्लॅकलिस्ट.कॉन्फ

ती ८८२१ ची एकच ओळ काढा. त्या फाइलमध्ये इतर बऱ्याच ओळी असतात, त्यांना हात लावू नका. मग सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू (बूट होताना वापरली जाणारी फाइल नव्याने बनते), आणि रीस्टार्ट नको, पूर्ण शटडाउन करून चालू करा. शेजारी विंडोज असेल तर त्याचं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. त्यात विंडोज नीट बंद होत नाही आणि कार्ड कधीकधी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

जुळे_सोलापूर
चिन्ह आलं, नेट लागलं, अण्णा! 'ड्रायव्हर इन यूज: आरटीडब्ल्यू_८८२१सीई' असं दिसतंय. पण दहा-पंधरा मिनिटांनी नेट अडकतं, वायफाय बंद-चालू केलं की परत येतं. जर्नलसीटीएल -के मध्ये हे ओळीने येतंय: फर्मवेअर फेल्ड टू लीव्ह एलपीएस स्टेट.

होटगी_रोड
एलपीएस म्हणजे वीज वाचवायची झोप. कार्ड झोपतं आणि ड्रायव्हरने उठवलं तरी वेळेत उठत नाही. /इटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये आरटीडब्ल्यू८८.कॉन्फ नावाची नवी फाइल करून या दोन ओळी टाका:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_कोअर डिसेबल_एलपीएस_डीप=वाय
ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=वाय

पहिली गाढ झोप बंद करते, दुसरी पीसीआय लिंकची. नावातला ८८ विसरू नका. काही लेखांत नुसतं आरटीडब्ल्यू_कोअर असतं, ते बाहेरून बांधलेल्या आवृत्तीसाठी. इथे ते लिहिलं तर एररही येत नाही आणि फरकही पडत नाही, माणूस दिवसभर शोधत बसतो. बूट झाल्यावर हे बघून खात्री करा, उत्तर 'वाय' आलं पाहिजे:

कॅट /सिस/मॉड्यूल/आरटीडब्ल्यू८८_कोअर/पॅरामीटर्स/डिसेबल_एलपीएस_डीप

तरी अडकलं तर /इटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/ मधल्या डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ मध्ये वायफाय.पॉवरसेव्ह ३ आहे ते २ करा. इथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू, हे बऱ्याच जणांचं उलटं होतं. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण अभ्यासिकेत लॅपटॉप चार्जरवरच असणार.

टर्मिनल_अण्णा
तिन्ही एकदम करू नका बरं का. आधी त्या दोन ओळी, मग दिवसभर बघा, मगच पॉवरसेव्ह. नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

जुळे_सोलापूर
दोन ओळींवरच भागलं. कॅटचं उत्तर 'वाय' आलं, सकाळी नऊपासून आत्तापर्यंत लॉगमध्ये एलपीएसची एकही ओळ नाही. पॉवरसेव्हला हात लावला नाही. बाकीच्या तिघांवरही ग्रेप मारून बघितलं, तिथे ब्लॅकलिस्टची ओळ नाही.