खुलताबादच्या उतारावरची जुनी द्राक्षबाग वाईनसाठी पुन्हा उभी करायची आहे

देवगिरी_उतार
राम राम मंडळी. दौलताबाद-खुलताबाद पट्ट्यात डोंगरउतारावर ३ एकर जुनी बाग आहे. उतारावरची माती धरून ठेवणाऱ्या दगडी ताली (बांधभिंती) ठिकठिकाणी ढासळल्यात. वर दीड फूट माती, खाली मुरूम, मधे चुनखडीचे पट्टे. स्वमुळावरच्या (कलम न केलेल्या) ६०-७० जुन्या वेली तग धरून आहेत, जात ओळखू येत नाही. लाल वाईनची शिराझ आणि पांढऱ्या वाईनची शेनिन ब्लाँ या जाती लावायचा विचार आहे. जुन्या वेली ठेवू की काढू? सुरुवात कुठून करू?

कोरडा_बांध
आधी ताली, मग वेली. पडलेली ताल सिमेंटनं बांधू नका. मागं पाणी तुंबतं, भिंतीला पोट सुटतं आणि एका मोठ्या पावसात ती फुटते. कोरडीच रचा. पाया मुरमात फूट-दीड फूट, लांब दगड आडवे आत शिरलेले, भिंत किंचित डोंगराकडे कललेली. पाठीमागं फूटभर रुंद चिपांचा भराव, मग माती. प्रत्येक तालीला सांडवा हवाच, पण वरच्याचं पाणी खालच्या तालीच्या ऐन मधोमध पडायला नको. एक पावसाळा तशीच राहू द्या. कुठं खचतंय ते लागवडीआधी कळलेलं बरं.

एक अजून बघा: जमीन संरक्षित स्मारकाजवळ असेल तर १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. वायनरीची शेड आखण्याआधी मोजणी करून घ्या.

खुंटकाडी
जुन्या वेली काढू नका, माझी कळकळीची विनंती आहे. भोकरी, फकडी, साहेबी अशा जाती आता सहज बघायला मिळत नाहीत. खोडाला हात लावण्याआधी प्रत्येक वेलीच्या पक्व काड्या घेऊन दोन-दोन रोपं करून ठेवा आणि नंबर टाका. मग सुटी साल खरवडून बघा. आत भुशासारखी चूर दिसली तर खोडकिडा आहे. पोखरलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापा, कापलेलं जाळा, जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. पूर्ण फळ, पान हाती आल्यावर जात ओळखायला मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे जा.

नव्या लागवडीला डॉगरीज हा खुंट (ज्याच्या मुळांवर हव्या जातीची काडी कलम करतात) डोळे झाकून घेऊ नका. चुनखडीत त्यावरची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. तिथं ११० आर हा खुंट बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंट लावा आणि काडी पेन्सिलीएवढी झाली की सप्टेंबरमध्ये पाचर कलम करा. ८ बाय ४ फुटांवर एकरी १३६१ वेली बसतात. ओळी समतल रेषेवरच धरा.

देवगिरी_उतार
धन्यवाद भाऊ. बोअर एप्रिलपासून दमतो. शेततळं केलं तर भागेल का?

थेंबाचा_हिशोब
हिशोब मांडून बघा. उत्पादनात आलेल्या बागेला खरड छाटणीनंतर (एप्रिलची छाटणी) बाष्पीभवनाच्या दर मिलिमीटरला एकरी १७०० लिटर लागतं. एप्रिल-मेमध्ये रोज १० मिमी धरा, म्हणजे एकरी दिवसाला १७ हजार, ४० दिवसांत जवळपास ७ लाख लिटर. पुढचे २० दिवस घडनिर्मितीचे. तेव्हा पाणी तिसऱ्या हिश्शावर आणायचं. त्या काळात पाणी सोडत राहिलात तर शेंडा पळतो आणि ऑक्टोबर छाटणीनंतर घडाऐवजी बाळी (नुसता तणावा) निघते.

३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, बाजूंना १:१ उतार धरला तर, सुमारे २२ लाख लिटरचं. पण उघड्या तळ्यातून रोज ९ हजार लिटरपर्यंत उडून जातं. उरलेल्यात २ एकर निघतील, ३ नाही. दोनच एकर लावा, वेलीखाली पाचटाचं आच्छादन टाका, तिसरा एकर तळ्याची सोय वाढल्यावर.

चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूतानं दौलताबादेत द्राक्षं वर्षातून दोनदा येतात असं लिहून ठेवलंय. आज आपण छाटण्या दोन घेतो, पीक एकच घ्यायचं. दोन्ही वेळा माल धरला तर वेल थकते.

तळघर
वाईनसाठी एकरी ३-४ टनांपेक्षा जास्त घड ठेवू नका. शिराझ २३-२४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आणि सामू (पीएच) ३.५ च्या आसपास असतानाच काढा. मार्चच्या उन्हात साखर चढते तशी आम्लता झपाट्यानं घसरते, मग वाईन सपक लागते. तोडणी सूर्य वर यायच्या आत. लाल वाईनचा आंबवणीचा टाका २८ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ३५ च्या पुढं यीस्ट दमतं, साखर तशीच राहते आणि बॅच अडकते. शेनिनला १५-१८ अंश हवेत, म्हणजे थंड पाण्याचं जॅकेट असलेला टाका लागणारच. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हातात येईपर्यंत पहिली तोडणी ठरवू नका.