फ्रिजवर परमनंट मार्कर, नेलपेंट रिमूव्हर लावू का?

चिऊचीआई:
मंडळी मदत करा. काल दुपारी माझा जरा डोळा लागला तेवढ्यात कन्येने (वय साडेतीन) डब्यांवर नावं घालायचा काळा परमनंट मार्कर पळवून फ्रिजच्या दारावर हत्ती काढला, शेजारी डिस्टेंपरच्या भिंतीवर त्याचं पिल्लू, आणि वर सासूबाईंच्या कॉटनच्या साडीच्या पदरावर एक रेघ. साबण, लिंबू, खायचा सोडा सगळं झालं, हत्ती जागचा हलत नाही. घरात नेलपेंट रिमूव्हर आहे, लावू का? घर भाड्याचं आहे हो.

परीक्षानळी:
रिमूव्हर ठेवा बाजूला. दुकानात मिळणाऱ्या साध्या परमनंट मार्करमध्ये रंग आणि थोडं रेझिन अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं, अल्कोहोल उडालं की रंग रेझिनसकट चिकटून बसतो आणि पाण्याला दाद देत नाही, म्हणून साबण लिंबू वाया गेलं. अल्कोहोलने बसलाय तो अल्कोहोलनेच उठतो, आम्ही लॅबमध्ये काचेवरचे नंबर रोज असेच पुसतो. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, नाहीतर पातळ सॅनिटायझर. गॅस बंद, खिडकी उघडी. बोळा डागावर अर्धा मिनिट दाबून धरा मग पुसा, आणि दर वेळी नवा बोळा, नाहीतर तोच रंग दारभर फासत बसाल. काळ्याचा जांभळा झाला तर घाबरू नका, काळा हा बऱ्याचदा दोनतीन रंग मिसळून केलेला असतो.
हलवल्यावर आत गोळी खुळखुळते तो मार्कर असेल तर मात्र तो पेंट मार्कर, त्यातल्या ऑइल पेंटवाल्याला टर्पेंटाईन लागतं.

फळा_खडू:
क्लासच्या व्हाइटबोर्डवर मी दर महिन्याला हा गाढवपणा करतो 😅 त्याच्यावरच बोर्ड मार्करने गिरवायचं आणि ओलं असतानाच पुसायचं, त्यातल्या सॉल्व्हंटने खालचं सुटतं. फ्रिजवर करून बघितलं नाही.

पश्चात्तापी:
ताई रिमूव्हरचं माझ्याकडून ऐका. स्विचबोर्डवरची रेघ काढायला लावला, रेघ गेली पण प्लास्टिक पांढरट खरबरीत झालं ते कायमचं. त्यात ॲसिटोन असतं ते प्लास्टिकच विरघळवतं. टीव्हीच्या स्क्रीनला तर अल्कोहोलही नको.

कोपरखळी:
मग मतदानाची शाई पण सॅनिटायझरने जाईल की 😜

परीक्षानळी:
नाही जात. 1962 च्या निवडणुकीपासून म्हैसूरहून बाटलीतून येते ती शाई वेगळी, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीत उतरून उजेडाने काळं पडतं. नख वाढून कापलं जाईल तेव्हाच जाणार.

नऊवारी:
साडी इस्त्री करू नका आणि गरम पाण्यात तर मुळीच नको, डाग पक्का होतो. पदराखाली जुनं पांढरं फडकं ठेवून उलट्या बाजूने स्पिरिटने टिपत जा, चोळायचं नाही. आधी आतल्या कोपऱ्यावर साडीचा रंग सुटतो का बघा. भिंतीचा नाद सोडा, डिस्टेंपरने शाई पिऊन घेतलेली असते. वरून नुसता डिस्टेंपर मारला तर पुन्हा वर येते, आधी ऑइल प्रायमर मारावा लागतो.

चिऊचीआई:
हत्ती गेला!! चार बोळ्यांत! रबरी पट्टीच्या खाचेत थोडा जांभळा आहे, असू दे. साडीवर नीट बघितलं तरच दिसतं, सासूबाईंनी बघितलंच. पिल्लावर सध्या कॅलेंडर टांगलंय.