मदत हवी आहे: दीर्घ मुदतीचा रोखे इंडेक्स फंड घ्यावा का?

नमस्कार. मी कोथरूडला राहतो. पुढच्या वर्षी निवृत्त होत असून, मुदत ठेवींतील काही रक्कम सरकारी रोख्यांच्या इंडेक्स फंडात (ठरावीक निर्देशांकातील रोखेच घेणारा म्युच्युअल फंड) गुंतवण्याचा विचार आहे. फंडाचे ड्युरेशन (व्याजदर बदलल्यास मूल्य किती हलेल, याचे वर्षांतील माप) १० वर्षे असेल, तर व्याजदर १ टक्क्याने वाढल्यास मूल्य साधारण १० टक्क्यांनी घटते, हे मला समजते. परंतु टार्गेट मॅच्युरिटी, म्हणजे ठरलेल्या वर्षी मुदत संपणाऱ्या, फंडात ही जोखीम मुदत जवळ येईल तशी ओसरते, तर कायम दीर्घ मुदत राखणाऱ्या फंडात ती तशीच राहते, म्हणून निर्णय होत नाही. १ एप्रिल २०२३ पासून खरेदी केलेल्या अशा फंडांच्या नफ्याला ठेवींच्या व्याजासारखाच स्लॅबप्रमाणे कर असल्याने तो मुद्दा गौण आहे. पैसे २०३५ पर्यंत लागणार नाहीत, मात्र पत्नीला मोठे चढउतार नको आहेत, आणि तिचे म्हणणे मला पटते. फंड घ्यावा, की रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या ऑनलाइन सुविधेवरून थेट रोखे? अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर सांगावे.